शंभरातले दोन

आमच्या कंपनीच्या आवारात आता घरपोच किराणा पाठवणाऱ्यांचं गोदाम आहे. मेट्रो नोएडाच्या त्या भागातून जाते तेव्हा मी मुद्दाम दुसऱ्या बाजूच्या सीटवर बसते. नवरा म्हणतो, "अगं, त्या बिल्डिंगने तुझं काय घोडं मारलंय?" बिल्डिंगने काहीच मारलेलं नाही. पण जे बघवत नाही ते बघू नये, इतकं साधं आहे, आणि या वयात मला कुणाला शौर्य दाखवायचं नाही.

आम्ही डिझेल विकायचो. पंपावर नाही, छोट्या टँकरमधून दारात नेऊन. कारखाने, हॉस्पिटलं, सोसायट्या, लग्नाचे हॉल, जिथे म्हणून जनरेटर आहे तिथे आमची गाडी जायची आणि मीटर लावून टाकी भरून द्यायची. दिल्लीच्या आसपास उन्हाळ्यात वीज जाते आणि थंडीत हवा इतकी घाण होते की सरकार जनरेटरच बंद करायला लावतं. या दोन्हींच्या मधल्या फटीत आमचा धंदा होता. त्या फटीत पन्नासेक कुटुंबं जेवत होती, त्यातलं एक आमचं.

मी सांगलीची. लग्न करून आले ती दिल्लीत, सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये, नवरा केंद्र सरकारात. बी.कॉम. होऊन घरात बसायचा मला कंटाळा आला, मुलगा शाळेत जायला लागला तशी मी नोकरी शोधली आणि ही मिळाली. पुढे आम्ही नोएडातच फ्लॅट घेतला. वीसेक वर्षं मी त्या कंपनीचे हिशेब बघितले.

मालकांना सगळे बाऊजी म्हणायचे. करोल बागेत त्यांच्या वडिलांचं इंजिन ऑइलचं दुकान होतं, तिथून त्यांनी हा पसारा उभा केला. मुलाखतीत त्यांनी मला डिग्री विचारली नाही, अनुभव विचारला नाही. मराठी बाईला हाक काय म्हणून मारतात, एवढं विचारलं. मी म्हटलं, ताई. तेव्हापासून मी "ताईजी" झाले. ताई आणि वर जी, असा दुहेरी मान मला सांगलीत कुणी कधी दिला नव्हता.

रोज सकाळी ते माझ्या टेबलापाशी यायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि विचारायचे, "ताईजी, हाथ में क्या?"

या प्रश्नाचं उत्तर सोपं नसायचं. शंभर रुपयांचं डिझेल विकलं की त्यातला फार मोठा हिस्सा तेल कंपनीला जातो, आणि तोही आगाऊ. पैसे भरल्याशिवाय त्यांच्या डेपोतून थेंब हलत नाही. आमचं गिऱ्हाईक मात्र पंधरा दिवसांनी, तीन आठवड्यांनी पैसे देणार. मधल्या काळात ड्रायव्हरांचे पगार, विमा, टायर, व्याज, कर. एवढं करून जुनी गाडी बदलायची, मीटर बदलायचा. हे सगळं वजा जाऊन, खरोखर हातात आलेल्या रोख पैशांतून जे मोकळं उरतं, ज्यावर आता कुणाचाच दावा नाही, ते दर शंभराला किती? हिशेबाच्या पुस्तकात याला फ्री कॅश फ्लो मार्जिन म्हणतात. बाऊजींच्या भाषेत, हाथ में क्या. आमच्यासारख्या धंद्यात शंभरातले दोन उरले तर देवापुढे साखर ठेवावी.

विक्रीचे आकडे मिरवणाऱ्या माणसांचा मला पहिल्यापासून संताप येतो. एवढ्या कोटींची विक्री, तेवढ्या कोटींची विक्री. अरे, विक्री म्हणजे बिलं. बिलं फोडणीला घालता येत नाहीत. घरातही मी तशीच. नवऱ्याचा पगार वाढला की मी विचारायची, "वाढला म्हणजे हातात किती?" तो बिचारा म्हणायचा, "यार, आधी काँग्रॅच्युलेशन्स तर म्हण!" बाऊजींचं आणि माझं जमलं ते यामुळेच. मोठ्या आकड्याने आम्हा दोघांच्याही पोटात काही पडत नसे.

पण बाऊजींचा एक नियम होता, आणि तो मला सुरुवातीला अजिबात पटला नव्हता. गिऱ्हाइकाच्या घरी कुणी गेलं तर तेराव्यापर्यंत तिथे पैशांचा फोन जायचा नाही. डिझेल जात राहायचं, बिल बनत राहायचं, पण तगादा नाही, आठवण नाही, साधा मेसेजसुद्धा नाही. मी एकदा भांडले होते. म्हटलं, आमच्याकडे सुतकात देवाला हात लावत नाहीत, बँकेला लावतात. ते हसले नाहीत. त्यांनी सांगितलं की त्यांचे वडील गेले तेव्हा प्रेत अजून घरात होतं आणि घेणेकरी दुकानाच्या पायऱ्यांवर येऊन बसले होते. त्यातला एक जण रडतही होता आणि पैसेही मागत होता. "उस दिन मैंने सोच लिया था, ताईजी," एवढंच म्हणाले. त्यानंतर मी त्या नियमावर कधी बोलले नाही. गिऱ्हाइकांना तो ठाऊक होता. इतक्या वर्षांत कुणाच्या घरी कुणी गेलं नाही असं कुठे असतं? जवळजवळ प्रत्येकाने तो एकदा तरी अनुभवला होता.

आता अडचण काय होती ते सांगते. दिल्लीच्या या सगळ्या पट्ट्यात डिझेलची गाडी दहा वर्षांची झाली की तिने इथून निघायचं, असा नियम आहे. आमच्या बहुतेक गाड्या एकाच हंगामात घेतलेल्या, त्यामुळे त्यांची दहा वर्षंही एकदमच भरत आली. एक-दोन गाड्या असत्या तर काटकसर करून बदलल्या असत्या. सगळ्या बदलायच्या म्हणजे नवी कंपनीच उभी करायची. बँकेने आधीच हात वर केले होते, बाऊजींचं करोल बागेतलं घर तिच्याकडे गहाण होतंच.

तेव्हा गुरुग्रामची एक मोठी कंपनी पैसे घालायला तयार झाली. चांगली माणसं होती, वाईट म्हणणार नाही. अट एकच: एकतीस मार्चला वर्ष संपताना फ्री कॅश फ्लो मार्जिन शंभराला दोन किंवा जास्त दिसलं पाहिजे. सलग दोन वर्षं आम्ही ते दाखवलं होतं, हे तिसरं. दोन दिसले की नव्या गाड्या येणार. नाही दिसले तर त्यांची कमिटी फाइल बंद करणार.

या सगळ्यात खरं पणाला लागलं होतं ते दीदीचं. दीदी म्हणजे बाऊजींची एकुलती मुलगी. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, पण ऑफिसात सगळेच तिला दीदी म्हणायचे म्हणून मीही म्हणायची. कॉलेज संपल्यावर ती ड्रायव्हरच्या शेजारी बसून टँकरमधून फिरली, कुठल्या सोसायटीचा वॉचमन सकाळी फाटक उघडायला कुरकुर करतो इथपर्यंत तिला माहीत. नातेवाईक म्हणायचे, डिझेल आणि ड्रायव्हर हे काय मुलीचं काम आहे, विकून टाका आणि तिचं लग्न लावा. बाऊजी ऐकून घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी चेकवर तिची सही घ्यायचे. आपल्यामागे गादीवर तीच बसेल, हा त्यांचा हट्ट होता. गाड्या आल्या तरच ती गादी राहणार होती.

त्या मार्चमध्ये आम्ही जोरात होतो. वसुली वेळेवर, खर्च आटोक्यात. दर मार्चच्या शेवटच्या दहा दिवसांत आमची वर्षातली सगळ्यात मोठी वसुली व्हायची, कारण गिऱ्हाइकांनाही आपापली वर्षअखेर नीट करायची असते. मी आकडा काढून ठेवला होता. ते दहा दिवस नेहमीसारखे गेले तर आम्ही दोनच्या वर जाणार होतो. बाऊजींना सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेऊन कागद स्वतः वाचला, आणि माझ्या टेबलावरचा रेवडीचा डबा उचलून सगळ्या ऑफिसला वाटून टाकला. डबा माझा होता.

मार्चचा तिसरा आठवडा संपत होता. सकाळी ते आले नाहीत. छातीत दुखतंय म्हणून हॉस्पिटलात नेलं होतं. दुपारच्या आत सगळं संपलं. त्या हॉस्पिटलच्या जनरेटरमध्ये आमचंच डिझेल होतं, हे मला तिथल्या जिन्यावर उभं असताना आठवलं आणि उगीचच आठवलं. मी माझ्या वडिलांच्या वेळी सांगलीला पोचू शकले नव्हते. बाऊजींच्या पायांना मात्र हात लावता आला. पाय थंड होते. मी तिथेच खाली बसून रडले, आणि कुणीतरी मला पाण्याची बाटली दिली.

अग्नी दीदीने दिला. नातेवाइकांत कुजबुज झाली, पण तिच्या चेहऱ्याकडे बघून कुणी पुढे बोललं नाही.

घरी आल्यावर मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरसमोर उभी राहिले. मला माझी लाज वाटत होती, पण डोकं काही थांबेना. बोट ठेवून मोजलं. तेरावा दिवस एक एप्रिलला येत होता.

नवरा मागे उभा होता. त्याला मी रोजचं सगळं सांगत असते, त्यामुळे समजावून सांगावं लागलं नाही. "अच्छा," तो म्हणाला, आणि नंतर हळूच, "पण हा नियम गिऱ्हाइकाच्या घरच्या सुतकाचा आहे ना? इथे तर सुतक तुमच्याकडे आहे. पैसे यायचेत तुमच्याकडे. मग?"

मीही स्वतःला तेच सांगितलं. नियम आमचा, आम्ही दुसऱ्यांसाठी पाळायचा. बाकीच्यांना त्याच्याशी काय करायचंय? त्या रात्री त्या आधारावर मला झोप लागली.

पुढच्या तीन-चार दिवसांत खात्यात जे यायला हवं होतं ते येईना. एक-दोन मोठ्या कंपन्यांचं कॉम्प्युटर आपोआप पैसे सोडतं, तेवढे आले. बाकी शांत. डिझेल मात्र रोज आगाऊ पैसे भरून उचलावं लागत होतं, कारण बाऊजी गेले म्हणून कुणाचा जनरेटर बंद पडला असं होऊ द्यायचं नाही, हे दीदीने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. पैसे नुसते बाहेर जात होते.

चौथ्या दिवशीची शोकसभा झाल्यावर मी दीदीला बाजूला घेतलं. ती पांढऱ्या कपड्यांत, डोळे सुजलेले. अशा वेळी वर्षअखेरीची गोष्ट काढणारी बाई कशी दिसत असेल, हे मला चांगलं माहीत होतं. तरी काढली. म्हटलं, मी गिऱ्हाइकांना फोन करते.

तिने ओढणीने डोळे पुसले. मग म्हणाली, "फोन कर लीजिए, ताईजी. पर यह मत कहिएगा कि हमें जरूरत है."

कारण मला कळत होतं. बाऊजींना जाऊन आठवडा झाला नाही आणि मुलगी पैशांना अडली, ही बातमी बाजारात गेली असती तर गिऱ्हाइकांनी दुसऱ्या दिवशी दुसरा टँकर बोलावला असता. नातेवाइकांना तर सणच मिळाला असता. ती चूक म्हणत नव्हती. पण ताकाला जाऊन भांडं लपवायचं, असं ते काम झालं.

पहिला फोन मी सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाला लावला. त्यांचा खोक्यांचा कारखाना, सेठ स्वतः फोन उचलणारे. मी नमस्ते म्हणते न म्हणते तोच ते म्हणाले, "बहनजी, आप बिल्कुल चिंता मत कीजिए. जब तक किरया नहीं हो जाती, हमारी तरफ से पैसे की कोई बात नहीं होगी." किरया म्हणजे तेराव्याचा विधी.

मी म्हटलं, "नहीं नहीं, आप भेज दीजिए, कोई हर्ज नहीं है."

"अरे, इतने गए-गुजरे समझा है हमें? मेरी माँ गई थी, तब बाऊजी ने तेरह दिन एक फोन नहीं किया था. अब उनके घर दीया जल रहा है और हम बिल निपटाने बैठें?"

"सेठजी, सच में, आप भेजेंगे तो हमें अच्छा लगेगा."

"आप लोगों की यही बात है," ते म्हणाले. "ऐसे टाइम में भी हमारा सोच रहे हो."

मी फोन ठेवला. माझी जीभ तिखट आहे, हे सासर-माहेर दोन्हीकडे मान्य आहे. भाजीवाला, रिक्षावाला, इन्कम टॅक्सचा अधिकारी, माझ्यापुढे कुणाची डाळ शिजली नाही. आणि इथे मी पैसे पाठवा, पैसे पाठवा, असं सरळ शब्दांत दोनदा म्हटलं होतं, आणि दोन्ही वेळी तो माझा चांगुलपणा ठरला होता. दिल्लीत कुणी नको म्हटलं की त्याचा अर्थ आणखी आग्रह करा, आणि द्या म्हटलं की त्याचा अर्थ संकोच करतायत. या माणसाला मी कुठल्या भाषेत सांगणार होते?

दुसरा फोन, तिसरा फोन, सगळीकडे तेच. एका हॉस्पिटलच्या अकाउंट्समधली मुलगी म्हणाली, "मॅम, पेमेंट तो तैयार था, सर ने रुकवा दिया. बोले, अच्छा नहीं लगता." एका सोसायटीच्या सेक्रेटरींनी तर स्वतःहून कळवलं की कमिटीने ठराव केलाय, बाऊजींच्या सन्मानार्थ सर्व व्यवहार तेराव्यानंतर. ठराव! मला हसावं की कपाळ बडवून घ्यावं ते कळेना. बाऊजींनी आयुष्यभर जे पेरलं ते अगदी त्यांच्याच पद्धतीने उगवत होतं, आणि मी शेतात उभी राहून नको, आत्ता नको, म्हणून ओरडत होते.

मग मी एक गोष्ट केली, जी दुसऱ्या कुणाच्या बाबतीत मी केली नसती. दिल्लीत हल्ली लोक सुट्टी बघून किरया अलीकडे घेतात. नोकऱ्या असतात, पाहुण्यांची तिकिटं असतात, पंडितजीही मान डोलावतात. मी दीदीकडे गेले आणि विचारलं की रविवारी घेता येईल का. रविवार एकतीसच्या आधी होता. रविवारी विधी झाला असता तर सोमवारी पैसे आले असते.

ती बाऊजींच्या खोलीत जमिनीवर बसली होती, फोटोसमोर. तिने वर बघितलं. रागावली असती तर बरं झालं असतं. "ताईजी," ती म्हणाली, "उन्होंने दूसरों के तेरह दिन रखे. मैं उनके तेरह भी न रखूँ?"

मी तिच्या शेजारी बसले. मला तिचा राग आला, बाऊजींचा आला, त्या दुकानाच्या पायऱ्यांवर बसलेल्या, कधीच मरून गेलेल्या घेणेकऱ्यांचा तर सगळ्यात जास्त आला. मग तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं, आणि राग कुठे गेला ते कळलं नाही. आम्ही दोघी तशाच बसून राहिलो. बाहेर पाहुण्यांसाठी चहा होत होता, त्याचा वास येत होता.

मी गुरुग्रामच्या माणसाशीही बोलले. सभ्य माणूस, दिल्लीचाच. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मॅम, मैं समझता हूँ. मेरे नानाजी के टाइम हमारे यहाँ भी यही हुआ था. पर मैं कमिटी को तेरहवीं कैसे समझाऊँ? वहाँ तो इकतीस तारीख की शीट जाएगी." त्याला दोष देता येत नाही. मी त्याच्या जागी असते तर मीही शीटच पाठवली असती. आयुष्यभर मी हेच सांगत आले होते ना, की विक्री बघू नका, बिलं बघू नका, हातात काय आहे ते बघा. कमिटी तेच बघणार होती.

एकतीस मार्चला संध्याकाळी मी बेरीज केली. धंदा त्या वर्षी उत्तम झाला होता. एकही गिऱ्हाईक तुटलं नव्हतं, एकही पैसा बुडाला नव्हता. पण दोन आठवड्यांची वसुली लोकांच्या खात्यांत आदराने थांबलेली होती, आणि ज्या धंद्यात शंभरातले दोन उरतात तिथे दोन आठवडे म्हणजे चार होतात. आकडा दोनच्या खाली गेला नाही, शून्याच्याही खाली गेला. मी दीदीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "भेज दीजिए." मी पाठवला.

पुढचं थोडक्यात सांगून टाकते, कारण त्यात सांगण्यासारखं काही नाही. कमिटीने फाइल बंद केली. उन्हाळ्यात एकेका गाडीची मुदत संपली तशी ती दुसऱ्या राज्यात विकली गेली. ड्रायव्हर पांगले. काकांनी आणि आत्यांनी "हम तो पहले ही कहते थे" असं म्हणायचं समाधान मिळवलं. दीदी आता एका मोठ्या कंपनीत नोकरी करते आणि दिवाळीला मला फोन करते. गिऱ्हाइकांना आजतागायत वाटतं की बाऊजींमागे मुलीचं मन धंद्यात लागलं नाही. त्यांना खरं सांगायचं नाही, असं आम्ही दोघींनी न बोलता ठरवलंय. कुणी काही वाईट केलंच नव्हतं. उगीच एखाद्या म्हाताऱ्या सेठच्या जिवाला घोर कशाला?

पण किरयेचा दिवस मला विसरता येत नाही.

मंदिराच्या हॉलमध्ये पांढऱ्या चादरी घातल्या होत्या. विधी झाला, आणि मग पगडीची रस्म. पंजाब्यांच्यात घरातला कर्ता माणूस गेला की तेराव्याला वारसाच्या डोक्यावर पगडी बांधतात, सगळ्यांदेखत, की आजपासून घराचा भार याच्यावर. मुलीला क्वचित बांधतात. बाऊजींच्या मोठ्या भावाचा जीव वरखाली होत होता, पण बाऊजींनी ते लिहून नाही तरी शंभरदा बोलून ठेवलं होतं. शेवटी त्या भावानेच दीदीच्या डोक्याला गुलाबी पगडी गुंडाळली. ती मोठी झाली, कपाळावर घसरत होती. दीदी एका हाताने ती सावरून ताठ बसली. इतके दिवस न रडलेले दोन-तीन ड्रायव्हर मागच्या भिंतीशी उभे राहून रडत होते.

तेवढ्यात मांडीवरची माझी पर्स थरथरायला लागली. बँकेचे मेसेज. आधी मला कळलं नाही, मग मी हळूच फोन काढून बघितला. खोक्यांचा कारखाना. हॉस्पिटल. सोसायटी, पूर्ण रक्कम, एक रुपया कमी नाही. पुन्हा थरथर, पुन्हा थरथर. विधीची वेळ सगळ्यांना माहीत होती. ती टळल्याबरोबर लोकांनी पैसे सोडले होते. वरातीमागून घोडं, आणि घोडं तरी किती सजवलेलं!

मग ते सगळे रांगेने दीदीसमोर आले. हात जोडायचे, फोटोपुढे फूल ठेवायचे, आणि जाता जाता वाकून हळू आवाजात सांगायचे. "बेटा, भेज दिया है." "आज ही करवा दिया, बेटा, देख लेना." "बाऊजी का एक पैसा हमारे पास नहीं रहा." त्यांच्या चेहऱ्यांवर एक समाधान होतं, एखादं ऋण नीट फेडल्यावर येतं तसं. दीदी प्रत्येकाला म्हणत होती, "जी, मिल गया. मेहरबानी." एकदाही तिचा आवाज हलला नाही. मी खांबाला टेकून उभी होते, आणि पदर तोंडात कोंबून रडत होते. बघणाऱ्यांना वाटलं बाऊजींसाठी, आणि ते काही खोटं नव्हतं.

हॉल रिकामा होत आला तेव्हा तिने मला खुणेने जवळ बोलावलं. मी शेजारी बसले. पगडीच्या खाली तिचं कपाळ घामेजलं होतं.

"ताईजी," ती म्हणाली, "यही सब कल आ जाता, तो कितना बनता?"

मी तो आकडा काढलेला होता. खांबाशी उभी असतानाच, एकेक मेसेज आला तसा मनात मिळवत गेले होते. दोनच्या वर, चांगला वर.

"हिसाब नहीं किया," मी म्हटलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. इतक्या वर्षांत मी हिशेब केला नाही असं एकदाही झालं नव्हतं, आणि हे तिच्याइतकं दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं.

"अच्छा किया," ती म्हणाली. मग पगडी दोन्ही हातांनी सावरून ती उठली, कारण दारात आणखी कुणीतरी हात जोडून उभं होतं.